पाकिटावरचा काळा शिक्का

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक असते. तिच्यात जरीचे कपडे, घराचे जुने दस्त, कोणाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला आणि अगदी तळाशी सुतळीने बांधलेला पत्रांचा एक गठ्ठा असतो. तो कोणी वाचत नाही आणि टाकूनही देत नाही. घर बदलताना किंवा जुनी इमारत पाडून नवी बांधायला देताना मात्र तो रद्दीवाल्याच्या तराजूत जातो. अलीकडे आपल्या पेठांमधले जुने वाडे आणि चाळी झपाट्याने पडत आहेत, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय मुद्दाम निवडला आहे.

तिकिटे जमवण्याचा छंद म्हटला की रंगीबेरंगी तिकिटांनी भरलेला आल्बम डोळ्यांपुढे येतो. मीही त्याच वाटेने या छंदात आलो. परंतु साठ वर्षे हा उद्योग केल्यावर माझे मत असे झाले आहे की, या छंदात सर्वांत कमी महत्त्वाची वस्तू कोणती असेल तर ती तिकीट! हे वाचून काही संग्राहक मित्र रागावतील, त्याला इलाज नाही. एकच तिकीट लाखोंच्या संख्येने छापले जाते. त्याच्यावर बसलेला पोस्टाचा शिक्का मात्र त्या एकाच पाकिटाचा असतो. अमुक गावच्या कचेरीत, अमुक तारखेला हा कागद हाताळला गेला, एवढी साक्ष तो देतो. राजेरजवाड्यांच्या हालचाली टिपून ठेवायला बखरकार आणि चिटणीस होते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हालचाली टिपून ठेवल्या त्या पोस्टात उभ्या उभ्या शिक्के मारणाऱ्या माणसाने, आणि त्या बिचाऱ्याला आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नव्हती.

तिकिटे येण्यापूर्वी पत्रे जात नव्हती असे मात्र नव्हे. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या काळी हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने इथल्या टपालाचे जे वर्णन करून ठेवले आहे ते मुलांनी जरूर वाचावे. घोड्यांची डाक वेगळी आणि पायी धावणाऱ्यांची वेगळी. पायी डाकेत एका मैलात तीन टप्पे असत. हरकाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात घुंगरू बांधलेली काठी. घुंगरांचा आवाज आला की पुढच्या चौकीवरचा गडी कंबर कसून तयार. सिंधहून दिल्लीला जायला माणसाला पन्नास दिवस लागत, तिथे बातमी पाच दिवसांत पोहोचे. सुलतान दौलताबादेस असताना त्याच्या पिण्याचे गंगाजलसुद्धा याच डाकेने चाळीस दिवसांच्या वाटेवरून येत असे! आपल्या मराठी मुलखातल्या दौलताबादचा टपालाशी संबंध असा सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा आहे. पुढे आणखी एकदा ते गाव या लेखात येणार आहे.

पेशवाईत पुण्याहून जासूद आणि कासीद धावत. कासीद हा शब्द अरबी, हरकारा फारसी, आणि दोन्ही मराठीत इतके मुरले की परके वाटत नाहीत. त्या काळच्या पत्रांवर शिक्का पाठवणाऱ्याचा असे, टपालाचा नव्हे. मग पत्र कधीचे हे कसे ओळखावे? इथे आपल्या विद्यार्थ्यांना एक मौजेची गोष्ट सांगतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातली मोडी पत्रे पाहिली, तर शेवटी ‘छ २२ रमजान’ किंवा ‘छ ५ मोहरम’ अशी तारीख आढळते. ‘छ’ म्हणजे चंद्र. शनिवारवाड्यातून निघालेल्या पत्रांवर महिने हिजरी, आणि वर्ष सुहूर सनाचे, तेही अरबी आकड्यांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिले की एक, साठ, शंभर आणि हजार मिळून अकराशे एकसष्ट. सुहूर सनात वर्षाच्या महिन्यांप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे हे वर्ष १७६०-६१, पानिपतचे. ज्या मुलाला उर्दू-अरबी आकडे येतात त्याला मराठ्यांच्या इतिहासाचे हे कुलूप इतरांपेक्षा लवकर उघडते. आपल्या मुलांनी मोडी शिकावी असे मी जिथे बोलायला उभा राहतो तिथे सांगतो, ते एवढ्याचसाठी.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून हीच पत्रे गोळा करत. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्या पिढीने सरदार-दरकदारांचे कागद वाळवीच्या तोंडातून काढले. साध्या माणसाचे कागद वाचवायचे काम अजून शिल्लक आहे, आणि ते कोणा संस्थेने करण्यासारखे नाही. ते ज्याच्या त्याच्या घरातच होऊ शकते.

आता तिकिटाकडे येऊ. जगातले पहिले चिकटवायचे तिकीट इंग्लंडात १८४० च्या मे महिन्यात चालू झाले, ते काळे एक पेनीचे. आशिया खंडातले पहिले तिकीट मात्र आपल्याच मुंबई इलाख्यात निघाले. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्याचा भाग होता, पुण्यासारखाच. तिथले कमिशनर बार्टल फ्रियर यांनी १ जुलै १८५२ रोजी अर्ध्या आण्याची ‘सिंध डाक’ची तिकिटे सुरू केली. लाल, पांढरी आणि निळी अशी तीन प्रकारची ती तिकिटे होती. त्यांतले लाल तिकीट लाखेसारख्या ठिसूळ चकतीवर उठवलेले असल्याने हाताळताना तुकडे पडत, म्हणून आज ते दुर्मिळांतले दुर्मिळ आहे. पुढे १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या देशासाठी राणी व्हिक्टोरियाच्या मुखवट्याची तिकिटे आली. खरी क्रांती मुखवट्यात नव्हती, दरात होती. त्यापूर्वी पत्राचा खर्च अंतराप्रमाणे वाढत जाई. आता पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून साताऱ्याला जावो की पेशावरला. गरिबाच्या दृष्टीने देश त्या दिवशी लहान झाला.

तिकीट निघाले तशी त्याच्याबरोबर एक नवी अडचण आली. लोक वापरलेले तिकीट सोडवून पुन्हा लावू लागले तर? म्हणून ते रद्द करणे भाग पडले. इंग्लंडात प्रथम काळ्या तिकिटावर लाल शाईचा शिक्का मारत. ती शाई धुऊन निघते असे दिसल्यावर १८४१ मध्ये तिकीटच लाल केले आणि शिक्क्याला काळी शाई घेतली. आपल्या शेजारच्या अफगाणिस्तानात अमीर शेर अलीच्या काळी याहून सोपी युक्ती होती. पोस्टातला माणूस तिकिटाचा एक तुकडाच फाडून काढी! त्यामुळे त्या काळचे वापरलेले आणि अखंड असे अफगाणी तिकीट मिळणे महाकठीण. आपल्याकडे सुरुवातीला नुसत्या ठिपक्यांचे आणि रेघांचे शिक्के होते, मग प्रत्येक कचेरीला क्रमांक मिळाला, पुढे गावाचे नाव, तारीख आणि रद्द करण्याची जाळी एकाच दांड्यावर आली. मुंबईचे जाल कूपर यांनी या जुन्या हिंदी शिक्क्यांचा कसून अभ्यास करून पुस्तक लिहिले, आणि तेव्हापासून ‘शिक्क्याने खराब झालेले तिकीट’ ही भाषा जाणकारांत बंद झाली. जे खराब समजत होते तेच मोलाचे ठरले.

पुण्याचे शिक्के एवढेच जमवायचे म्हटले तरी एका माणसाचा जन्म पुरत नाही. कॅम्पाजवळचे जीपीओ वेगळे, लक्ष्मी रस्त्यावरचे सिटी पोस्ट वेगळे, खडकीचे लष्करी टपाल वेगळे. पत्रावर ‘पूना’चा शिक्का आहे की ‘पूना सिटी’चा, यावरून पाठवणारा साधारण शहराच्या कोणत्या अंगाला राहत होता याचा अदमास येतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शहराचे इंग्रजी नाव बदलले, आणि शिक्क्यावरची पी-डबल ओ-एन-ए ही अक्षरे जाऊन पी-यू-एन-ई आली. पत्त्याखाली सहा आकडी पिनकोड असेल, तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचे, कारण त्या दिवशी पिनकोड सुरू झाला. ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी गृहस्थ होते आणि संस्कृतचे कवी होते, हे फार थोड्यांना माहीत असते. जीपीओ आणि कॅम्प ४११००१, सिटी पोस्ट ४११००२ हे आपण रोज लिहितो, पण ते लिहायला कोणी शिकवले हे विचारत नाही.

आणि कार्ड! १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड आपल्या देशात आले. उघडे असल्यामुळे ते पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचत, आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे. ज्याला लिहिता येत नाही त्याने पोस्टाबाहेर बसलेल्या पत्रलेखकाकडे जावे, ज्याला वाचता येत नाही त्याने पोस्टमनलाच उंबऱ्यावर बसवून वाचून घ्यावे. कोणी वर ‘श्री’ लिही, कोणी ‘७८६’ लिही, आणि खालचा मजकूर जवळजवळ सारखाच : इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी, मनिऑर्डर मिळाल्याचे लिहावे. घरात पहिल्यांदा लिहिता-वाचता येऊ लागलेल्या मुलाला किंवा मुलीला पहिले काम मिळे ते हेच. आमच्या पालकांपैकी किती जणांच्या आईने आपले पहिले वाक्य पाटीनंतर थेट कार्डावर लिहिले असेल! शिक्षणसंस्थेच्या अहवालात निकालाचे आकडे येतात, ते आलेच पाहिजेत. परंतु एखाद्या कुटुंबात अक्षर नेमके कधी शिरले हे पाहायचे असेल, तर त्या घराची कार्डे तारखेप्रमाणे लावावी. पत्रलेखकाचे सराईत वळण थांबते आणि एका नवख्या हाताचे वाकडेतिकडे अक्षर सुरू होते, ते कार्ड शोधावे.

संस्थानांची गोष्ट थोडक्यात सांगतो. पुण्याजवळच्या भोर संस्थानाने १८७९ साली स्वतःची अर्ध्या आण्याची आणि एक आण्याची लाल तिकिटे काढली होती. हातकागदावर ठसा, मागे गोंद नाही, कडेला भोके नाहीत. १९०१ साली पंत सचिव शंकरराव यांच्या चित्राचे आणखी एक तिकीट निघाले. आमच्या जिल्ह्याच्या एका तालुक्याचे तिकीट परदेशातल्या संग्राहकांच्या यादीत असते आणि भोरच्या बसमध्ये बसलेल्या दहा माणसांना विचारले तर एकालाही माहीत नसते.

निजामाच्या हैदराबाद राज्याचे टपाल याहून पुष्कळ मोठे होते. मराठवाडा त्यात होता, त्यामुळे औरंगाबाद, जालना, परभणीकडून पुण्यात आलेल्या कुटुंबांच्या ट्रंकेत ही तिकिटे हमखास निघतात. जुन्या तिकिटांवर किंमत फारसी लिपीत, इंग्रजीत, तेलुगूत आणि मराठीत अशी चारही लिपींत दिलेली असे. १९३१ च्या मालिकेत एक आण्याला चारमिनार, आठ आण्यांना अजिंठा लेण्यांचे प्रवेशद्वार, रुपयाला दौलताबादचा मिनार, आणि बारा आण्यांना बिदरचा मदरसा. महमूद गवानने पंधराव्या शतकात बांधलेल्या त्या विद्यालयाचे चित्र आपल्या शाळेच्या भिंतीवर लावण्यासारखे आहे. १९५० साली ते टपाल भारतीय टपालात विलीन झाले.

स्वतंत्र भारताच्या तिकिटांविषयी लिहू लागलो तर स्मरणिकेची पाने पुरणार नाहीत. १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची तिकिटे पाहा. त्यांच्यावर ‘बापू’ हा शब्द नागरी आणि उर्दू या दोन्ही लिपींत आहे. कस्तुरबांचे तिकीट २२ फेब्रुवारी १९६४ चे. वीस वर्षांपूर्वी त्याच दिवशी आपल्या येरवड्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांनी प्राण ठेवला होता. महर्षी कर्वे यांचे तिकीट १८ एप्रिल १९५८ रोजी निघाले ते त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी, ते स्वतः हयात असताना. स्त्रीशिक्षणासाठी झिजलेल्या माणसाला हा मान मिळाला, याचे शिक्षणसंस्थेच्या वाचकांना अगत्य वाटावे. मिर्झा गालिब दोनदा आले, १९५२ च्या कवींच्या मालिकेत आणि १९६९ साली शताब्दीला. दुसऱ्या वेळी चित्राबरोबर त्यांची पत्रावरची मोहरही छापली. हे फार योग्य झाले, कारण गालिब जितके शायर तितकेच पत्रलेखक. त्यांची उर्दू पत्रे जपणारे मित्र आणि शागीर्द नसते तर १८५७ नंतरची उद्ध्वस्त दिल्ली आपल्याला इतक्या जवळून दिसली नसती. रफी अहमद किडवाई यांच्या १९६९ च्या तिकिटावर टपालाचे विमान आहे. दळणवळण मंत्री असताना त्यांच्या काळात १९४९ साली रात्रीची विमान डाक सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमाने मध्यरात्री नागपुरास उतरत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटे परत फिरत. असो.

आता माझी स्वतःची कथा. ती सांगण्यासाठीच खरे म्हणजे एवढे लिहिले.

१९६१ च्या जुलैत पानशेत फुटले. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरून किती घरांचे कागद वाहून गेले याचा हिशेब कोणी केला नाही. आमचे घर नाना पेठेत. आमच्याकडे पाणी आले नाही, दादीची ट्रंक शाबूत राहिली. पुराने जे नेले नाही ते पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी नेले. मी त्या वेळी दहा वर्षांचा, आणि तिकिटांचे वेड नुकतेच लागलेले. दादीकडे हट्ट करून ट्रंक उघडवली. गठ्ठ्यात पंचमजॉर्जच्या मुखवट्याची हिरवी अर्ध्या आण्याची आणि लाल एक आण्याची तिकिटे लावलेली पाकिटे होती. ती मी परातीत पाणी घेऊन भिजत घातली, तिकिटे सोडवली, वर्तमानपत्रावर वाळवली आणि पाकिटे टाकून दिली. त्यांच्याखाली आणखी दहा-बारा कार्डे आणि पाकिटे होती. त्यांच्यावर तिकीटच नव्हते. नुसते काळे गोल शिक्के, एखादा तिरका ठसा आणि इंग्रजीत काही खरडलेले. ‘बिनतिकिटाची’ म्हणून मी ती बाजूला टाकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याच्या बंबात गेली.

ती दादीच्या थोरल्या भावाची होती. तो मराठा पलटणीत शिपाई होता. त्या पलटणींत त्या काळी दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी इराकात जे सैन्य पाठवले त्याच्या अग्रभागी सहावी डिव्हिजन होती, तिचे नावच ‘पूना डिव्हिजन’. १९१४ च्या नोव्हेंबरात ती बसऱ्याच्या बाजूस उतरली, पुढच्या वर्षी नदीच्या काठाकाठाने बगदादच्या दिशेने वर सरकत गेली. आघाडीवरच्या शिपायांच्या साध्या पत्रांना बहुधा तिकीट लावावे लागत नसे. पत्र पलटणीतला लिहिता येणारा माणूस लिहून देई, अधिकारी तपासून ठसा मारी, आणि लष्करी टपालाच्या कचेरीत शिक्का बसे. शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून त्या शिक्क्यावर गावाचे नाव नसे, नुसता ‘फील्ड पोस्ट ऑफिस’चा क्रमांक आणि तारीख. त्या क्रमांकांच्या याद्या आज अभ्यासकांनी जुळवल्या आहेत. क्रमांक आणि तारीख सांगितली की ती कचेरी त्या दिवशी कुठे होती ते बऱ्याच वेळा काढता येते. म्हणजे बंबात गेलेले ते बिनतिकिटाचे दहा-बारा कागद हा एका माणसाच्या प्रवासाचा नकाशा होता. आल्बमात लावलेल्या हिरव्या-लाल तिकिटांची किंमत आजही फारशी नाही.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे सलमान पाकजवळ मोठी लढाई झाली. पूना डिव्हिजन मागे हटली, कूत या गावात कोंडली गेली, आणि १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. कैद्यांतले हजारो वाळवंटाच्या वाटेवर आणि छावण्यांत मेले. दादीचा भाऊ परत आला नाही. लढाईत गेला, वेढ्यात गेला की कैदेत, हे घरात कोणाला कधी कळले नाही. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर सामान्य हिंदी शिपायांची नावे न कोरता पलटणवार नुसते आकडे नोंदवले गेले. अशा असमान वागणुकीची कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने आपल्या २०२१ च्या अहवालात दिली आहे. अशा माणसाचा पुरावा शोधायचा तर तो घरच्या ट्रंकेतच.

दादीला बंबाची गोष्ट कळली तेव्हा ती मला काही बोलली नाही. तिने फक्त विचारले, “सगळी?” मी मान हलवली. मग ती उठली आणि मला कपाटाजवळ नेले. घराच्या दस्तात घडी घालून ठेवलेले एक कार्ड तिने काढले, दाखवले आणि परत ठेवले. ते वाचले होते.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे. मुलांना या छंदाला जरूर लावा. टपाल खात्याने २०१७ साली दीनदयाळ स्पर्श नावाची योजना काढली. तिच्यात सहावी ते नववीच्या तिकीटसंग्राहक विद्यार्थ्यांना महिना पाचशे रुपयांप्रमाणे शिष्यवृत्ती ठेवलेली आहे, आणि त्यासाठी शाळेत संग्राहकांचे मंडळ असलेले बरे पडते. त्याविषयी पोस्टात चौकशी करावी. पण घरातल्या जुन्या पाकिटावरून तिकीट सोडवू देऊ नका. कात्री लावू देऊ नका. मागची बाजूही पाहा, कारण पत्र पोहोचल्याचा शिक्का बहुधा पाठीवर असतो, आणि दोन्ही तारखा जुळवल्या की पत्र किती दिवसांत आले ते कळते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून कागद खाते. पाकिटावर शाईने काही लिहू नका. कोणाचे पत्र, कोणाला, त्यांचे आपसांत नाते काय, हे वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा. हे शेवटचे काम आधी करा, कारण पत्रे आणखी पन्नास वर्षे टिकतील, सांगणारी माणसे नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापाशी पैसे नसतील तर उत्तमच. पैसेवाला मनुष्य दुकानातून तिकिटांचे पाकीट विकत आणतो आणि त्याला काही शोधावे लागत नाही. तुम्ही एक विषय घ्या : आपल्या पेठेत आलेली पत्रे, किंवा आखाती देशांत नोकरीला गेलेल्या नातलगांची विमानपत्रे. कुवेत, दुबई, मस्कतचे शिक्के सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्या किती घरांत आले! ते आज कोणाला जुने वाटत नाहीत, पण पुण्याच्या एका मोठ्या स्थलांतराची ती कागदपत्रे आहेत. बुधवारी आणि रविवारी भरत आलेल्या जुन्या बाजारात मी एकदा कार्डांचा ढीग पाहिला. विकणारा प्रत्येक कार्ड उलटून फक्त तिकिटाचा भाव सांगत होता. तुम्ही शिक्का वाचा. देवघेव करताना दुबार तिकिटे खुशाल द्या, घरची पाकिटे देऊ नका. हल्ली मोबाईलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाठवता येतो, तेवढ्याने समोरच्याचे काम होते आणि मूळ कागद घरात राहतो. आमच्या लहानपणी ही सोय असती तर मी हंगेरीच्या एका त्रिकोणी तिकिटासाठी काय काय दिले त्याची यादी थोडी लहान झाली असती.

दादी गेल्यावर ते कार्ड माझ्याकडे आले. मजकूर उर्दूत, पाच ओळी, सर्व खुशाल. मुलीला शाळेत घाला, असे एका ओळीत आहे. ती मुलगी म्हणजे दादी. शिक्क्यावरचा महिना आणि साल स्पष्ट आहे, नोव्हेंबर १९१५. दिवसाच्या जागी शाई पसरली आहे. कचेरीचा क्रमांक दोन आकडी आहे, त्यातला पहिला आकडा तीन असावा, दुसरा उठलेलाच नाही. एका प्रदर्शनात एका जाणकाराने भिंग लावून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, त्याच कचेरीचे, त्याच महिन्याचे दुसरे एखादे पाकीट मिळाले तर ताडून सांगता येईल.

आपल्यापैकी कोणाच्या घरी पूना डिव्हिजनमधल्या माणसाचे १९१५ च्या शेवटच्या महिन्यांतले पत्र असेल, तिकीट असो वा नसो, तर त्याच्या शिक्क्याचा फोटो काढून स्मरणिकेच्या कार्यालयात द्यावा. मूळ पत्र घरीच ठेवावे.